मोडनिंबकर वकिलांचं गप्प बसणं

मोडनिंबकर वकील जज्ज होणार, ही बातमी बार रूममध्ये आली तेव्हा मी चहा पीत होतो. तो माझ्या नाकात गेला. ठसका थांबायला पाच मिनिटं लागली आणि थांबल्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते असं: "अहो, पण जज्जाला गप्प बसावं लागतं!"

बार रूममध्ये पंधरा-वीस वकील होते. एकानंही हरकत घेतली नाही. पंधरा-वीस वकिलांचं एका वाक्यावर एकमत झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

सोलापूरच्या दिवाणी कोर्टात मी तेहतीस वर्षं वकिली केली. लोक मला दामूअण्णा म्हणतात. गंगाधरराव मोडनिंबकर आणि मी बार रूममधल्या एकाच टेबलावर बसायचो. खिडकीजवळचं टेबल, जिथं पंख्याचं वारं पोचत नाही आणि ऊन बरोबर पोचतं. अर्ध्याअधिक दाव्यांत आम्ही एकमेकांविरुद्ध असायचो आणि झाडून सगळ्या चहांना एकत्र. त्यांच्याविषयी मी निःपक्षपातीपणानं लिहितोय असं मी शपथेवर सांगणार नाही. पुढं मी जे केलं ते वाचल्यावर तुम्हीही माझी शपथ मान्य करणार नाही.

माणूस मूळचा माढ्याकडचा. घरी जिरायती शेती, वडील, चुलते सगळे मातीतले. उंची जेमतेम सव्वापाच फूट, पण आवाज असा की खालच्या कोर्टात ते बोलायला उठले की वरच्या मजल्यावरचे जज्ज खिडकी लावून घ्यायला सांगत. सोलापुरात तेव्हा गिरण्यांच्या भोंग्यांवर लोक घड्याळं लावायचे. भोंगा निदान ठरल्या वेळी बंद व्हायचा. मोडनिंबकर "मुद्दा अगदी लहान आहे" असं म्हणून सुरू व्हायचे, आणि ते वाक्य ऐकलं की जुने पक्षकार चपला काढून बाकावर मांडी घालून बसायचे.

बोलण्याला विषय लागायचा नाही आणि भाषेची अडचण नव्हती. विणकर पक्षकार आला की मोडकंतोडकं तेलुगू, अक्कलकोटकडचा आला की कन्नड, बेगमपेठेतला आला की दखनी. चार भाषांत बोलायचे आणि चारींपैकी एकीतही थांबायचे नाहीत. खिशात कायम भाजक्या शेंगा. बोलता बोलता सोलायच्या, खायच्या आणि टरफलं त्याच खिशात ठेवायची. एकदा कुळकायद्याच्या दाव्यात ऐन रंगात येऊन त्यांनी खिशातून रुमाल काढला, तर पावशेर टरफलं जज्जांच्या टेबलावर पडली. हे लगेच म्हणाले, "साहेब, हा पुरावा नव्हे."

साक्षीदाराला प्रश्न विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "तुम्ही त्या दिवशी बांधावर होता ना? होता. बैल सुटला ना? सुटला. मग तुम्ही काय केलंत, पळालात!" साक्षीदार बिचारा नुसता मान हलवत उभा. शेवटी एक वयस्कर जज्ज वैतागून म्हणाले, "वकीलसाहेब, साक्षीदाराला खाली बसवा आणि शपथ तुम्हीच घ्या."

पण कहर झाला तो एका शोकसभेत. आमचे एक ज्येष्ठ वकील वारले. बार रूममध्ये सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. मी घड्याळ बघत होतो म्हणून सांगतो, चाळीस सेकंद झाली. एकेचाळिसाव्या सेकंदाला मोडनिंबकर म्हणाले, "माणूस फार चांगला होता हो." आणि मग तो कसा चांगला होता हे त्यांनी वीस मिनिटं सांगितलं. गेलेल्याची बायको पुढच्या रांगेत होती. ती पहिल्यांदा हसली आणि मग रडली. तेव्हा त्यांना रागवायचं तरी कसं, सांगा.

आता असा माणूस जज्ज का व्हायचं म्हणतो? मी त्यांना सरळच विचारलं. "गंगाधरराव, तुमची वकिली चांगली चाललीय. हे भलतंच खूळ कुठून आलं डोक्यात?"

ते म्हणाले, "मुद्दा अगदी लहान आहे." मी चपला काढल्या.

त्यांना एक आत्या होती. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी भावांच्या संसारात राबणारी. वाटणीचा काहीतरी दावा माढ्याच्या कोर्टात होता आणि तिची साक्ष होती. गंगाधरराव तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. आत्या पिंजऱ्यात उभी राहिली ती पार लग्नापासून सांगायला लागली. वकील म्हणाला, मुद्द्याचं बोला. तर जज्ज म्हणाले, बोलू द्या त्यांना. आणि तास-सव्वा तास तो माणूस हाताची घडी घालून ऐकत बसला. दाव्याचा निकाल आत्याच्या विरुद्ध गेला. पण बैलगाडीतून घरी येताना आत्या खूश. म्हणाली, "हरलं तर हरलं रं, पर त्या बाबानं समदं ऐकलं की. जलमात पयल्यांदा कुनी माजं ऐकलं."

"मला त्या खुर्चीत बसायचंय, दामूअण्णा," ते म्हणाले. "वकिली करायची ती तेवढ्यासाठीच केली."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ऐकून घेणारा माणूस व्हायचं ध्येय, आणि ते धरलं कुणी, तर या गृहस्थानं! देवाला पण कधी कधी काय सुचेल सांगता येत नाही.

जिल्हा न्यायाधीशांनी शिफारस केली आणि नाव मुंबईला गेलं. वयाची अट पंचेचाळीस. पंचेचाळिशी उलटली की दार बंद, आणि यांना ती पुरी व्हायला सात-आठ महिने उरलेले. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. फॉर्म भरताना मी शेजारीच होतो. एक रकाना होता: आपण कुठल्या दाव्यात पक्षकार आहात काय? मोडनिंबकरांनी पेन खाली ठेवलं. कारण ते पक्षकार होते. पन्हळीच्या दाव्यात.

हा पन्हळीचा दावा म्हणजे आमच्या कोर्टाचं भूषण. मंगळवार पेठेत मोडनिंबकरांच्या घराला लागून इरण्णा नावाच्या भुसार व्यापाऱ्याचं घर. मोडनिंबकरांच्या पत्र्याची पन्हळ इरण्णांच्या अंगणाच्या बाजूला उतरलेली. पावसाचं पाणी आमच्या अंगणात पडतं, पन्हळ हलवा, असा इरण्णांचा दावा. अकरा वर्षं चाललेला. आता सोलापुरात पाऊस पडतो किती, तर घोंगडं भिजत नाही इतका. त्यात बाहत्तरचा दुष्काळ. कोर्टानं पाहणीसाठी कमिशनर नेमला. तो तीनदा छत्री घेऊन आला आणि तीनदा घाम पुसत परत गेला. चौथ्या वेळी त्यानं कंटाळून एका गड्याला पत्र्यावर चढवलं आणि दोन घागरी पाणी ओतायला लावलं. पाणी पन्हळीतून थेट इरण्णांच्या मिरच्यांवर. झालं! मोडनिंबकरांनी हरकत घेतली की हे पाणी आडातलं आहे, आभाळातलं नाही, आणि दाव्यात पावसाच्या पाण्याचा उल्लेख आहे. त्या हरकतीवर दोन तारखा गेल्या.

गंमत बघा, दुसऱ्यांचे दावे मिटवण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. भाऊ-भाऊ, सासू-सून, कोर्टातल्या लिंबाखाली बसवायचे, दोघांना शेंगा द्यायचे आणि उठेपर्यंत तडजोड लिहून घ्यायचे. पण स्वतःची पन्हळ म्हटली की पारा चढायचा. रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीशी दोघांची जुंपायची. इरण्णा तोंड उघडायचे आणि दुसऱ्या शब्दालाच मोडनिंबकर सुरू व्हायचे. इरण्णा पाच मिनिटं नुसते "आता बगा... अरे पण... एऽ शिवा शिवा!" असं करून दुकानात निघून जायचे.

सगळ्यांनी सांगितलं, पोलीस चौकशीला येतील, शेजाऱ्यांना विचारतील, इरण्णा काय वाट्टेल ते सांगेल. आधी जाऊन मिटवा.

"म्हणजे मी जज्ज व्हायच्या आधीच साक्षीदार फितवू?" मोडनिंबकर म्हणाले. रकान्यात लिहिलं: होय, पन्हळीचा. आणि इरण्णांच्या उंबऱ्यावर पाऊल टाकलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला.

पुढं महिन्याभरानं चौकशी आली. चौकशी गुप्त होती. म्हणजे एक जमादार साधा सदरा-पायजमा घालून आणि पायात पोलिसी बूट चढवून पेठेत शिरला, आणि दर दुकानाशी थांबून म्हणू लागला, "मोडनिंबकर वकिलाची चौकशी हाय. गुप्त हाय, कुनाला बोलू नका." संध्याकाळपर्यंत हे गुपित टिळक चौकापर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार मला भेटायला बार रूममध्ये आला. मोडनिंबकर कोर्टात होते, त्यांची खुर्ची माझ्यासमोर रिकामी. मी न राहवून विचारलं, "इरण्णांनी काय सांगितलं हो?"

"गुप्त हाय," जमादार म्हणाला आणि वही उघडून वाचून दाखवायला लागला. इरण्णांचा जबाब असा होता: "माणूस लई छलो, लई चांगला हाय. हुशार हाय, खरा हाय, कुनाचं वाईट करीत न्हाय. असा माणूस सोलापुरात ठेवणं म्हंजे सरकारचं नुकसान हाय की. त्याला जज्ज करा, आणि लांब घाला. जितकं लांब घालशीला तितकं देशाचं भलं."

मी हसून हसून टेबलावर पडलो. जमादार मात्र गंभीर. "दुष्मनानं सर्टिफिकट दिलंय, म्हंजे पक्कं झालं. आता तुमी दोस्त हाय त्यांचं. तुमी सांगा."

मी म्हणालो, "माणूस सोन्यासारखा." मग माझं लक्ष समोरच्या खुर्चीकडं गेलं. टेबलाच्या कडेला शेंगांची टरफलं होती. हा गेला की इथं कोण बसणार? कुणीतरी घसा खाकरून वर्तमानपत्र वाचणारा बसेल. चहा थंड होईल. माझ्या तोंडून निघालं, "पण..."

"पन काय?"

"बोलतात फार."

जमादारानं पेन्सिल जिभेला लावली आणि लिहून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, खोटं काय त्यात? सोळा आणे खरं होतं. पण ते खरं होतं म्हणून मी सांगितलं नाही. मला तो माणूस सोडायचा नव्हता म्हणून सांगितलं. तेहतीस वर्षांत मी कोर्टात खोटं खूप बोललो असेन, त्याचं मला काही वाटत नाही. हे एकच खरं बोललेलं मला अजून टोचतं.

त्यानंतर महिने जायला लागले. पुण्याच्या कुणाची ऑर्डर आली, साताऱ्याच्या कुणाची आली. मोडनिंबकरांची नाही. रोज टपालाची वेळ झाली की ते बार रूमच्या पायरीवर. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. पंचेचाळिशीला तीन महिने राहिले. बोलणं कमी झालं नाही, उलट वाढलं, पण आता सगळं एकाच विषयावर. "इरण्णानंच घात केला. अकरा वर्षांचा दावा साधला मेल्यानं." सकाळचं भांडणही बंद केलं. इरण्णा दोन-चार दिवस भिंतीशी येऊन उभे राहिले आणि कुणी येत नाही म्हणून परत गेले.

हे मात्र मला सहन होईना. माझ्या करणीचं खापर त्या मिरचीवाल्याच्या डोक्यावर! एका दुपारी मी गंगाधररावांना लिंबाखाली गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. इरण्णांचा जबाब, माझं "पण", रिकामी खुर्ची, सगळं. सांगून होईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की त्यांनी मला मध्ये एकदाही तोडलं नव्हतं. हातातली शेंग तशीच हातात होती.

शेवटी ते म्हणाले, "लिहून घेतलं त्यानं?"

"घेतलं."

"मग काय करणार. खरंच आहे ते." मग शेंग खिशात ठेवत म्हणाले, "आत्या सोलापूरला घरी यायची ना, दामूअण्णा, तिचंसुद्धा मी कधी पुरतं ऐकलं नाही. मध्येच बोलायचो." आणि उठून कोर्टात गेले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मला रात्री जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागावी, असा बेत. ओसरीवर पक्षकार बसले होते आणि मधोमध खुर्चीत मोडनिंबकर. गाल दोन्ही फुगलेले, डोळे बाहेर, चेहरा लाल, शब्द नाही. मी हबकलो. म्हटलं संपलं, अर्धांगाचा झटका, आणि कारण मी! मी ओरडलो, "वहिनी, डॉक्टर!"

मालतीवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "झटका नव्हे, दामूभावजी. अभ्यास चाललाय. तोंडात पाणी धरून बसलेत. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गिळायचं नाही, असा नेम केलाय." मग हळूच म्हणाल्या, "सकाळपासून अर्धी घागर गिळून झाली."

तर असा अभ्यास सुरू झाला. पहिल्या दिवशी अर्धं मिनिट, मग एक मिनिट. पाणी गिळून गिळून पोटात डुचमळायचं. माढ्याकडच्या मंडळींनी ठरवून टाकलं की साहेबांची दाढ ठणकतेय. एकानं लवंगेचं तेल आणलं. एका म्हातारीनं हळद-चुन्याचा लेप कालवून थेट गालावर थापला. यांच्या तोंडात पाणी, नको म्हणणार कसं? त्या दिवशी ते पिवळा गाल घेऊन कोर्टात उभे राहिले आणि जज्जांनी आपणहून पुढची तारीख दिली.

पण एक झालं. पक्षकार बोलायला लागले. आजवर त्यांना वकील सांगेल ती आपली केस असं वाटायचं. माढ्याचा एकजण भावावर दावा लावायला आला होता. पाच मिनिटं भावाला शिव्या दिल्या, दहा मिनिटं आईविषयी बोलला, मग म्हणाला, "न्हाय सायेब, चूक माजीच हाय. दावा नगं." आणि उठून गेला.

"हे असंच चाललं तर जज्ज व्हायच्या आधीच तुमची वकिली संपेल," मी म्हणालो. मोडनिंबकरांनी गाल फुगवून माझं पूर्ण ऐकून घेतलं.

आठ-दहा दिवसांनी मी तिथं असतानाच इरण्णा भिंतीशी आले. बरेच दिवस भांडण तुंबलेलं, त्यामुळं तोंड सुटलेलंच होतं. "ओ वकीलसाब! पन्हळीचं काय करताव?" आणि दुसऱ्या शब्दाला सवयीनं थांबले. मोडनिंबकर गाल फुगवून उभे. इरण्णा म्हणाले, "बोला की!" मग इरण्णा पुढं बोलले. पन्हळ, पाणी, मिरच्या, कमिशनर, घागरी, अकरा वर्षांचं सगळं एका दमात बाहेर आलं. मोडनिंबकरांचा चेहरा लालचा जांभळा झाला, पण पाणी गिळलं नाही. इरण्णांचं पन्हळीचं बोलणं संपलं आणि तरी ते थांबले नाहीत. आवाज एकदम उतरला.

"पाणी पडू दे हो. पाण्याचं काय हाय. माझ्या लेकीच्या लग्नात तुमी व्याह्याला बाजूला घेऊन बसलाव. काय तर सांगत होताव, ऊस का केळी. आमी हाका मारतोय, व्याही उठत न्हाय, तुमी सोडत न्हाय. मुहूर्त टळला की हो! माझ्या लेकीचा मुहूर्त टळला. व्याही वर्षभर मला बोलला, मांडवात शिस्त न्हाय म्हणून. हे मी तुमाला सांगायला येतोय आज अकरा वर्सं. तुमी ऐकून घेतच न्हाय."

मी खाली बघितलं. ओसरीवरचे पक्षकारही खाली बघायला लागले. मोडनिंबकरांनी पाणी गिळलं. घशात आवाज झाला तो सगळ्यांना ऐकू आला. मला वाटलं आता सुरू होणार, मुद्दा अगदी लहान आहे, मुहूर्त म्हणजे काय, टळणं म्हणजे काय. त्यांनी हात जोडले.

"चुकलं, इरण्णा."

एवढंच. इरण्णा थोडा वेळ उभे राहिले, बहुधा पुढचं वाक्य येईल म्हणून. ते आलं नाही. मग डोळे पुसत म्हणाले, "लेक बरी हाय तशी. दोन पोरं हायती," आणि गेले. पुढच्याच तारखेला दावा मागं घेतला. सगळ्या बार रूमनं कपाळाला हात लावला, कारण त्या दाव्यावर आम्ही पैजा लावलेल्या होत्या.

ऑर्डर नंतर पंधरा दिवसांनी आली, एका साध्या मंगळवारी, पंचेचाळिशीला अजून दीड-दोन महिने असताना. फाइल मुंबईत कुठल्याशा दुसऱ्या फाइलीखाली पडून राहिली होती म्हणे. त्याच आठवड्यात मला पानाच्या ठेल्यावर तो जमादार भेटला. मी त्याला आडून विचारलं, माझ्या त्या वाक्याचं काय केलंस?

"कुटलं? बोलतात फार? वकिलाचं ते चांगलंच की वो. तसं लिवलं." त्यानं वही काढून दाखवली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: बोलण्यात पटाईत आहेत.

म्हणजे माझ्या "पण"नं काही अडलं नव्हतं. चार-पाच महिने माझी झोप उडाली होती ती फुकट. हे मी मोडनिंबकरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पाण्याची वाटी फेकून दिली असती.

नेमणूक विदर्भात, पार टोकाला. निरोपाला स्टेशनवर अर्धी मंगळवार पेठ. इरण्णा शेंगाचटणीचा डबा घेऊन आले होते आणि सगळ्यांत जास्त तेच रडत होते. "लांब घाला म्हणलो होतो. एवढं लांब कोन म्हणलं होतं?" मोडनिंबकर खिडकीतून बोलत होते. गाडी हलली तरी बोलत होते. सिग्नल ओलांडून गेल्यावरही आवाज येत होता, काय बोलतायत ते कळत नव्हतं.

मग तीनेक वर्षं पत्रंच. सुरुवातीला दहा-दहा पानी, मग चार, मग एक. जज्जानं वकिलांना पत्रं लिहू नयेत असं त्यांनी एका पत्रात लिहिलं आणि ते शेवटचं ठरलं. दुपारचा डबा चेंबरमध्ये एकटाच खातो, गावात कुणाच्या घरी जाता येत नाही, हे त्या पत्रात तळाशी होतं.

पुढं त्यांची बदली मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी झाली आणि माझ्या एका बार्शीकडच्या पक्षकाराचं अपील नेमकं त्यांच्यासमोर आलं, कारण त्याची जमीन हद्दीपलीकडं त्या जिल्ह्यात होती. मी मुद्दाम स्वतः गेलो. कोर्ट भरलं, सगळे उभे राहिले, ते येऊन बसले. केस बरेच पांढरे झालेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते कोऱ्या कागदाकडं पाहावं तसं. बरोबरच होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मी बोलायला उभा राहिलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ते लिहीत होते. तास झाला. एक शब्द नाही, एक प्रश्न नाही. अहो, मी आयुष्यभर या माणसासमोर तीन वाक्यं सलग बोललो नव्हतो! मला घाम फुटायला लागला. इतकं ऐकून घेतल्यावर माणसाला आपणच काय बोलतोय ते ऐकू यायला लागतं, आणि माझी बाजू किती लंगडी आहे हे मलाच कळलं. मग मी एक वेडेपणा केला. त्यांनी एकदा तरी बोलावं म्हणून केला. वहिवाटीचा मुद्दा चालला होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "साहेब, माझ्या अशिलानं त्या वर्षी या जमिनीत मृगावर शाळू पेरला."

मृगावर शाळू! पोराटोरालाही माहीत आहे की शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, ती पावसाळा सरताना पेरतात, हस्ताच्या आगेमागे. माझा अशील मागून कोट ओढायला लागला. "अवो सायेब, काय बोलताय!" विरुद्ध बाजूचा वकील शहरातला होता, त्याला काही कळलं नाही. पण वर खुर्चीतलं पेन थांबलं. माढ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा माझ्याकडं बघत होता. कान लाल झाले, मग गाल. मी मनात म्हणत होतो, बोला, गंगाधरराव, आता तरी बोला, चांगला फाडून खा मला.

त्यांनी आवंढा गिळला. पेन पुन्हा चालू झालं. "पुढं," ते म्हणाले.

अपील त्याच दुपारी फेटाळलं. निकाल दीड पानाचा, स्वच्छ, आणि योग्य. शाळूचं त्यात अवाक्षर नाही.

संध्याकाळी मी एसटी स्टँडच्या कट्ट्यावर गाडीची वाट बघत बसलो होतो. कोर्टातून बंगल्याकडं जायचा रस्ता तिथूनच जातो. पाहिलं तर जज्जसाहेब चालत येत होते. पट्टेवाला फाइलींचं गाठोडं घेऊन दहा पावलं मागं, जवळपास कुणी नाही. त्यांचे ओठ हलत होते. उजवा हात कोर्टात उठायचा तसा उठत होता, बोट नाचत होतं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते माझ्यासमोरून गेले तेव्हा शब्द स्पष्ट ऐकू आले.

"मृगात शाळू म्हणे! अरे कणसाला काय ताडपत्री बांधणार होतास? पक्षी खातील, पाऊस खाईल, तू काय खाशील? मृगात शाळू! मुंबईचा असता तर समजलो असतो, हा सोलापूरचा माणूस, हा..."

असे बोलत बोलत वळणापर्यंत गेले. मी उत्तर देणारा हातभर अंतरावर बसलो होतो. उठून हाक मारायचं किती मनात आलं म्हणून सांगू. पण माझ्या आणखी एका पक्षकाराचं अपील अजून त्यांच्या बोर्डावर होतं आणि जज्जाला रस्त्यात वकिलानं हाक मारायची नसते. माझी गाडी आली तेव्हा ते बंगल्याच्या फाटकाशी पोचले होते. पट्टेवाल्यानं फाटक उघडलं. त्यांनी हात खाली घेतला, तोंड मिटलं आणि आत गेले. त्यानंतर आमची गाठ पडली नाही.